लांब पल्ल्याचं विमान निवडतात कसं? तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

मागच्या वेळी एअर इंडियाच्या फेब्रुवारी 2023 च्या 470 विमानांच्या ऑर्डरबद्दल लिहिलं होतं. त्यातली लांब पल्ल्याची फक्त 70, म्हणजे 40 एअरबस ए350, 20 बोइंग 787-9 आणि 10 बोइंग 777-9, आणि गंमत म्हणजे तुमचे जवळजवळ सगळे प्रश्न त्या 70 बद्दलच आले. मी मुंबईत एका विमान कंपनीच्या प्लॅनिंगमध्ये बरीच वर्षं काढली, आता गुहागरजवळ घरी असतो, नारळ मोजतो, त्यामुळे उत्तरं द्यायला वेळच वेळ आहे. प्रश्न थोडे छाटलेत, राग मानू नका.

काका, ए350 चांगलं की 787? कंपनी दोन्हीची तुलना करून बेस्ट असेल ते घेत असेल ना, मग एअर इंडियाने दोन्ही का घेतली? – इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, रत्नागिरी

अरे, तू रत्नागिरीचा ना, मग मिरकरवाडा मासळी बंदरावर जा आणि कुठल्याही तांडेलाला विचार की लाँच कुठली चांगली. तो आधी तुलाच विचारेल, जायचंय कुठवर? एका दिवसात परत यायचं तर एक हिशोब, आठ दिवस बाहेर राहायचं तर दुसरा, कारण जितकं लांब जाशील तितकं डिझेल आणि बर्फ जास्त, आणि मग मासळीला जागा कमी. विमानाचं तंतोतंत हेच आहे, किती ओझं घेऊन किती लांब जाता येतं, त्याला आम्ही पेलोड-रेंज म्हणायचो. ए350 चं लहान रूप, ए350-900 घे, उड्डाणाचं कमाल वजन साधारण 280 टन, आणि टाक्या पूर्ण भरल्या तर त्यातले शंभर टनांच्या वर नुसतं इंधन. आता उरलेल्यात विमानाचं स्वतःचं वजन, माणसं, बॅगा, माल सगळं बसवायचं. बरं ते इंधन नेण्यासाठी पण इंधन जळतं, ढोबळ हिशोब असा की जास्तीच्या प्रत्येक टनामागे दर तासाला 30-40 किलो निव्वळ ते ओझं वाहण्यात जातं, म्हणजे 15 तासांच्या फ्लाइटला जवळजवळ अर्धा टन वाटेतच संपला.

म्हणून पहिलं काम म्हणजे विमानांची माहितीपत्रकं बाजूला ठेवून आपल्या रूटची यादी करायची. मुंबई-लंडन 7,200 किलोमीटर, हे आजचं कुठलंही वाइडबॉडी, म्हणजे आत दोन वाटा असलेलं रुंद विमान, हसत हसत करतं, तिथे लांब पल्ल्याची फुशारकी काय कामाची. अमेरिकेचा पश्चिम किनारा म्हटलं की मामला वेगळा. आणि अंतर नकाशावर मोजून चालत नाही, वारा धरावा लागतो, हिवाळ्यात पश्चिमेकडे जाताना समोरून जो वारा येतो तो धरून वर्षातले निदान 85 टक्के दिवस सगळी माणसं घेऊन न थांबता पोचतं का, हे बघायची पद्धत आहे. विकणारे ज्या आकड्याची जाहिरात करतात तो वारा नसलेल्या दिवसाचा असतो, असा दिवस मी तरी क्वचितच पाहिला.

त्यात नकाशाच बदलतो ही वेगळी कटकट. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानचं आकाश आपल्या विमानांना बंद झालं आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही फ्लाइटना मध्येच व्हिएन्नाला वगैरे उतरून इंधन भरायची पाळी आली. विमान तेच, पायलट तेच, पण 20-25 वर्षं वापरायचं म्हणून घेतलेल्या विमानाखालचा रस्ताच लांब झाला. म्हणून शहाणा प्लॅनर थोडी रेंज शिल्लक ठेवतो, पण थोडीच हं, कारण न वापरलेली रेंज म्हणजे जास्तीचं वजन, जे तू रोज फुकट वाहून नेतोस.

आता दोन्ही का घेतली. एक तर साइज. ए350-1000 मोठं, 787-9 त्याहून बरंच लहान. मोठं विमान दर खुर्चीमागे स्वस्त पण दर फेरीमागे महाग, एसटीची मोठी गाडी अर्धी रिकामी गेली तर महामंडळाला विचारा काय होतं ते. दुसरं, दोघा बनवणाऱ्यांना एकमेकांच्या धाकात ठेवायचं. ए350-900 ची 2018 ची यादीतली किंमत 317.4 दशलक्ष डॉलर होती, त्यानंतर एअरबसने यादी छापायचंच सोडलं, आणि खरं सांगू का, त्या किमतीला कोणीच घेत नाही, मासळी बाजारात पहिल्या भावाला कोण घेतं? तिसरं कारण सगळ्यात कमी बोललं जातं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं आहे, ते म्हणजे कोणाकडे लवकर मिळतंय. त्यावर खाली येतोच. अर्थात दोन जाती ठेवल्या की दोन प्रकारचे स्पेअर, दोन सिम्युलेटर, पायलटांच्या दोन रांगा, म्हणून लहान कंपनीने हा शौक करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

माका एक कळणा नाय, चार इंजिनांची विमाना बंद कित्याक केली? दोन इंजिनार दर्यावरसून जाताना एक बंद पडला तर? – एक वाचक, मालवण

बंद पडला तर दुसऱ्यावर जाता, तेवढ्यासाठीच ता बनवलेला असता! आता सरळ मराठीत सांगतो. पूर्वी अमेरिकेच्या नियमाप्रमाणे दोन इंजिनांच्या विमानाला विमानतळापासून 60 मिनिटांहून लांब जाता येत नव्हतं, म्हणून महासागरावर तीन आणि चार इंजिनं. 1985 मध्ये ती मर्यादा 120 मिनिटं झाली, 1988 मध्ये 180, आणि 2014 मध्ये ए350 ला 370 मिनिटांपर्यंतची परवानगी मिळाली. ही खैरात नाहीये. 180 मिनिटांसाठीच अट अशी की इंजिन हवेत बंद पडण्याचं प्रमाण 50,000 इंजिन-तासांत एकापेक्षा जास्त नको, आणि आजची चांगली इंजिनं त्याहून कितीतरी पुढे आहेत.

मग चार इंजिनं म्हणजे चौघांना जेवायला घालायचं, चौघांची औषधं करायची. चार इंजिनांचं ए380 दिसायला राजा होतं, 2007 मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने सुरू केलं, पण कंपन्यांना एकूण 251 च दिली गेली, शेवटचं डिसेंबर 2021 मध्ये एमिरेट्सला गेलं, आणि त्यातली 123 एकट्या एमिरेट्सची. दुबईसारखा सगळ्यांना एकाच ठिकाणी गोळा करणारा धंदा असेल तरच ते भरतं.

आमचो हापूस विमानाने जाता. विमान घेताना ह्या लोकांच्या डोक्यात खालच्या मालाचा विचार असतो का, की फक्त वरच्या माणसांचा? – बागायतदार, देवगड

ह्या प्रश्नाची मी वाटच बघत होतो. असतो, आणि तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त असतो.

प्रवाशांच्या पायाखाली जी जागा असते तिला बेली म्हणतात, आणि तिचं माप ठरलेल्या डब्यांत करतात. 787-8 मध्ये असे 28 डबे बसतात, 787-9 आणि ए350-900 मध्ये 36, ए350-1000 आणि 777-300ईआर मध्ये 44. त्यातले काही बॅगांना जातात, आणि आखाती किंवा कॅनडाच्या फ्लाइटवर आपले लोक किती बॅगा नेतात ते मी तुम्हाला सांगायला नको. उरलेल्यात माल. ए380 चं रडगाणं इथेही होतंच, दोन मजले माणसं पण खाली डबे 38 च, बॅगा भरल्या की मालाला जागा उरतेय कुठे.

तरी नुसते डबे मोजून फसायला होतं. आंबा जड माल, कपड्याच्या गठ्ठ्यासारखा नाही, त्यामुळे डबा रिकामा असतो पण वजन संपलेलं असतं. वर म्हटलं तसं लांबच्या फ्लाइटला इंधनाने वजन खाल्लं की पहिली कात्री लागते ती मालाला, माणसाला खाली उतरवता येत नाही ना. आणि तुमचा सीझन नेमका एप्रिल-मे, गरम हवा पातळ, पंखांना आणि इंजिनाला कमी पकड, त्यामुळे दुपारी तेच विमान त्याच रनवेवरून रात्रीपेक्षा कमी वजन घेऊन उडतं. लंडनच्या अंतराला हे फार जाणवत नाही. अमेरिकेला जाणवतं, तिथे तर 2007 मध्ये दार उघडलं तेव्हापासून आंब्याला विकिरण, म्हणजे किडीसाठी किरणांचा मारा, सक्तीचं, तो खर्च वेगळा, आणि एवढं करून पेटी विमानाबाहेर राहिली तर काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

आमच्या मीटिंगांमध्ये कार्गोवाले कोपऱ्यात बसायचे आणि त्यांचं बोलणं चहा येईपर्यंत ऐकलं जायचं. 2020 मध्ये प्रवासी विमानं थांबली, बेली गायब झाली, मालाचे दर भडकले आणि कंपन्या खुर्च्यांवर खोकी बांधून उडवायला लागल्या, तेव्हापासून ते पुढच्या खुर्चीत आलेत. दोन विमानं प्रवाशांच्या बाबतीत उन्नीस-बीस असतील तर निकाल बेलीवर लागू शकतो.

लेकीकडे कॅनडाला जाताना स्क्रीन बंद, खुर्ची मागे जाईना. एवढ्या ऑर्डरी दिल्यात म्हणतात, मग नवीन विमानं आहेत कुठे? – चिपळूणच्या काकू

काकू, रांगेत आहेत. ऑर्डर म्हणजे नंबर लावणं, तयार गाडी शोरूममधून काढणं नव्हे. आज नवीन नंबर लावला तर विमान मिळेपर्यंत नातू कॉलेजात जाईल. 777-9 चंच बघा, 2020 मध्ये यायचं होतं, आता 2027 म्हणतायत, आणि ज्यांनी त्याच्या भरवशावर जुनी विमानं काढायचं ठरवलं होतं ते जुन्यांनाच तेलपाणी करत बसलेत. वर खुर्च्यांचा तुटवडा. म्हणाल खुर्चीत काय एवढं, पण बिझनेस क्लासची एक खुर्ची पास करून घ्यायला इतक्या चाचण्या लागतात की कधी कधी विमान तयार आणि खुर्ची नाही अशी गत.

मग कंपन्या आडवाटा शोधतात. एअर इंडियाची पहिली सहा ए350-900 मुळात रशियाच्या एरोफ्लोटसाठी बांधलेली, निर्बंधांमुळे ती तिकडे गेली नाहीत, पहिलं डिसेंबर 2023 मध्ये इकडे आलं, आतली मांडणीही बरीचशी आधीच्या गिऱ्हाइकाच्या पसंतीची. कोणीतरी बुकिंग सोडलेला फ्लॅट घ्यावा तसं, टाइल्स आवडल्या नाहीत तरी ताबा आज मिळतो. इंडिगोने स्वतःची ए350 येईपर्यंत नॉर्वेच्या नॉर्स कंपनीकडून 787-9 भाड्याने घेतली आणि जुलै 2025 मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅम सुरू केलं. एअर इंडियाने जुन्या विमानांच्या आतल्या दुरुस्तीला 400 दशलक्ष डॉलर काढलेत, पण एकेक विमान सेवेतून काढून आत घ्यावं लागतं, सगळी एकदम नाही. तोवर काकू, पुस्तक आणि मानेची उशी जवळ ठेवा.

आम्ही होड्यांना फायबर लावतो, आता विमानंही फायबरची म्हणे. खाऱ्या हवेत टिकतात का? – होडी बांधणारे, हर्णै

787 चं वजनाने साधारण 50 टक्के आणि ए350 चं 53 टक्के कार्बन फायबर. तुमच्या काचेच्या फायबरचं हे महागडं भावंड. अॅल्युमिनियम गंजतं, मुंबईसारख्या ठिकाणी जास्तच, म्हणून जुन्या विमानांचे पत्रे उघडून बघायला लागायचे. फायबर गंजत नाही, त्यामुळे मोठी तपासणी 12 वर्षांपर्यंत पुढे ढकलता येते, शिवाय आतला दाब जास्त ठेवता येतो म्हणून उतरल्यावर डोकं कमी जड. पण कार्बनला अॅल्युमिनियम चिकटलं आणि ओल आली की अॅल्युमिनियम झपाट्याने खाल्लं जातं, म्हणून सांध्यांना महागडं टायटॅनियम. आणि रंगाखाली, आकाशातली वीज पडली तर वाचवायला, धातूची जाळी असते, त्यावरचा रंग उडाला म्हणून कतार एअरवेज आणि एअरबस लंडनच्या कोर्टात भांडले, फेब्रुवारी 2023 मध्ये मिटवलं. मी विकत घेणारा असतो तर पंखांपेक्षा इंजिनाची जास्त काळजी केली असती. एमिरेट्सचे प्रमुख टिम क्लार्क यांनी 2023 मध्ये ए350-1000 च्या इंजिनाबद्दल उघड नाराजी दाखवली, वाळू आणि उष्ण हवेत ते पुरेसं टिकत नाही म्हणून, आणि ए350-900 च जास्तीची घेतली. विमान कितीही छान असो, इंजिन सारखं दुरुस्तीला उतरवावं लागलं तर ते हँगरमध्ये उभं राहून हप्ते खातं. म्हणून आता बऱ्याच कंपन्या इंजिनाच्या देखभालीचा तासावर पैसे देण्याचा करार विमानाच्या सौद्यातच घासाघीस करून घेतात.

चिपीहून थेट लंडन कधी? – कुडाळ

चिपी विमानतळाचा रनवे 2500 मीटर, उन्हाळ्यात माणसं, माल आणि लंडनपर्यंतचं इंधन भरलेलं वाइडबॉडी तिथून उचलणं म्हणजे कंपनीने अर्ध्या खुर्च्या रिकाम्या सोडायच्या. शिवाय रोज अडीचशे माणसं कुडाळहून लंडनला जाणार आहेत का, ते पण सांगा. गोव्यातल्या मोपा विमानतळाला 3500 मीटर आहे, जुलै 2023 मध्ये तिथून 787 ने लंडन गॅटविक सुरूही झालं होतं, आणि सावंतवाडीवरून गाडी काढलीत तर तासाच्या आत मोपाला पोचता.