वाचकांचे प्रश्न : ‘बघून घेतलं होतंत ना?’ एवढे उत्तर पुरेसे आहे का?

प्रश्न : गेली बरीच वर्षे मी जुनी टपाल तिकिटे जमवतो आणि त्यांतील बहुतेक एकाच दुकानातून घेत आलो आहे. मालकांचा अभ्यास चांगला, बोलणे मोकळे, त्यामुळे तिथे गेलो की वेळ कसा जाई ते कळत नसे. अलीकडे मात्र चित्र पालटले आहे. माझ्यासाठी बाजूला ठेवतो म्हणून सांगितलेला एक संच दुसऱ्याच गिऱ्हाइकाला विकला गेला; नवा मदतनीस मोबाइलमधून मान वर काढत नाही; आणि आता तर ‘मूळ डिंक, हिंज न लावलेले’ (म्हणजे अल्बममध्ये कधी न चिकटवलेले) अशी चिठ्ठी असलेल्या, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका महागड्या तिकिटाला मागून नव्याने डिंक लावला असावा, असा मला घरी आल्यावर संशय आला. फोन केला तर ‘बघून घेतलं होतंत ना?’ एवढेच ऐकायला मिळाले. इतक्या वर्षांच्या संबंधानंतर हे फार लागले. तक्रार करावी, की दुकानच बदलावे?
– एक संग्राहक

उत्तर : आपल्या पत्रात तीन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत आणि त्यांचे वजन सारखे नाही. मदतनिसाची बेफिकिरी मालकांच्या कानावर घालावी आणि सोडून द्यावी. संचाच्या बाबतीत मालकांनी शब्द मोडला हे खरे, पण आपण विसार दिल्याचा उल्लेख पत्रात नाही आणि केवळ तोंडी शब्दावर फार ताणता येत नाही. तिकिटाची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे प्रश्न आपुलकीचा नाही. जे सांगून विकले तेच दिले का, एवढाच आहे, आणि म्हणून दुखावल्याचा सूर त्यात मिसळू न देता तो मांडला तर आपली बाजू अधिक भक्कम राहील.

या छंदात पैसे मोजले जातात ते बरेचदा दुर्मीळतेपेक्षा स्थितीचे. १८४० साली ब्रिटनमध्ये निघालेले ‘पेनी ब्लॅक’ हे जगातले पहिले टपाल तिकीट सुमारे ६ कोटी ८० लाख छापले गेले होते. ते आजही मिळते, पण कात्रीने कापून वेगळे केलेल्या त्या तिकिटाच्या चारही कडा शाबूत आहेत की एखादी छाटली गेली आहे, यावर किमतीत मोठा फरक पडतो. आपल्या तिकिटाच्या काळात अल्बममध्ये तिकीट बसवण्यासाठी हिंज, म्हणजे डिंक लावलेला पातळ कागदाचा घडीचा तुकडा, सर्रास वापरत असत. त्यामुळे त्या काळची, मागची बाजू जशीच्या तशी राहिलेली तिकिटे कमी उरली आहेत आणि त्यांना बराच जास्त भाव मिळतो. हिंजची खूण किंवा कागदाचा विरळ झालेला भाग झाकण्यासाठी नव्याने डिंक फासण्याचा उद्योग त्यातूनच सुरू झाला. म्हणजे त्या चिठ्ठीवरच्या चार शब्दांसाठीच आपण वरचे पैसे मोजले आहेत.

संशय खरा आहे का, हे आधी शक्य तेवढे तपासून घ्यावे. छिद्रांचे तिकीट तयार होताना बहुतेक वेळा कागदावर आधी डिंकाचा थर दिला जाई आणि छिद्रे नंतर पाडली जात. त्यामुळे छिद्रांवरून तिकीट फाडून वेगळे केल्यावर कडेला उरणाऱ्या दात्यांच्या टोकांशी कागदाचे मऊ, पांढरे तंतू मोकळे सुटलेले दिसतात. डिंक नंतर लावलेला असेल तर तो या टोकांपर्यंत ओघळतो, तंतू एकमेकांना चिकटतात आणि दाते कडक, क्वचित चकचकीत होतात. चिमट्याने तिकीट धरून भिंगातून, तिरप्या उजेडात ही टोके पाहावीत. त्याच प्रतीच्या, खात्रीच्या तिकिटाशेजारी ठेवून पाहिल्यास फरक लवकर लक्षात येतो. पाण्याचे बोट लावून डिंक तपासायचा मोह मात्र आवरावा, कारण त्यानंतर ते तिकीट कोणीही परत घेणार नाही, आणि घेऊही नये.

आता ‘बघून घेतलं होतंत ना?’ या उत्तराकडे येऊ. दुकानदारांनाही त्रास होतो, हे मान्य केले पाहिजे. दुसरीकडे तेच स्वस्त दिसले म्हणून आठवड्याने ‘दोष’ घेऊन येणारी गिऱ्हाइके काही कमी नसतात. कोपरा दुमडलेला आहे, शिक्का डागाळलेला आहे, चित्र मधोमध छापलेले नाही, अशा उघड दिसणाऱ्या दोषांना ते उत्तर चालते. पण ज्या दोषासाठी भिंग, उजेड आणि सवड लागते, आणि ज्याच्या नेमके उलट विक्रेत्याने स्वतः लिहून ठेवले आहे, त्याची जबाबदारी काउंटरसमोर उभ्या असलेल्या माणसावर ढकलता येत नाही. मालकांनी फसवले असेलच असे नाही. एखादा जुना संग्रह एकगठ्ठा घेताना त्यांच्याही नजरेतून ते सुटले असेल. तरीही चिठ्ठी त्यांची आहे, आणि तिच्यावर लिहिलेल्याला बांधील राहणे हे त्यांचेच काम आहे.

तेव्हा फोनवर न बोलता, गर्दी नसेल अशा वेळी, तिकीट, मूळ चिठ्ठी आणि पावती घेऊन समक्ष जावे. ‘तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती’ या वाक्याने सुरुवात करू नये. त्यावर समोरचा माणूस स्वतःचा बचाव करू लागतो आणि तिकीट बाजूला राहते. ‘हे दाते तुम्हीच भिंगाखाली पाहा आणि काय वाटते ते सांगा,’ असे म्हणावे. अभ्यासू माणसाला हे आवाहन टाळता येत नाही, असा माझा अनुभव आहे. काय हवे तेही स्पष्ट सांगावे : पूर्ण पैसे परत, किंवा हिंज लावलेल्या तिकिटाचा भाव धरून उरलेली रक्कम. मी पहिलाच पर्याय निवडेन, कारण डिंक नव्याने लावलेले तिकीट उद्या विकायला काढताना ही सारी हकिकत पुन्हा सांगत बसावे लागते.

मालकांचे मत वेगळे पडले तर तज्ज्ञांकडून प्रमाणपत्र घ्यावे. लंडनची रॉयल फिलाटेलिक सोसायटी आणि न्यूयॉर्कची फिलाटेलिक फाउंडेशन यांच्या तज्ज्ञ समित्या शुल्क घेऊन तिकीट तपासतात व लेखी मत देतात. निकाल विरुद्ध गेल्यास पैसे परत, अशी मुदत मागण्याची रीत तिकिटांच्या लिलावांतही आहे, तेव्हा मालकांना ती नवी वाटणार नाही. फक्त शुल्क कोणी भरायचे आणि निकाल कोणावर बंधनकारक, हे तिकीट पाठवण्याआधी कागदावर घ्यावे.

दुकान बदलण्याचा निर्णय या भेटीनंतर घ्यावा. वस्तू हातात घेऊन पाहता येते आणि समोरच्याला विषय कळतो, अशी दुकाने सहज मिळत नाहीत, आणि तीन तक्रारींपैकी पैशाची ही एक मालकांनी सरळ मनाने निकालात काढली तर बाकीच्या दोन आपणही पोटात घालू शकाल. टाळाटाळच झाली, तर त्या दुकानातून किरकोळ खरेदी खुशाल चालू ठेवावी. महागडे तिकीट मात्र पावतीवर स्थितीचे पूर्ण वर्णन आणि परतीची मुदत लिहून मिळाल्याशिवाय घेऊ नये. तोवर हे तिकीट अल्बममध्ये न लावता, चिठ्ठीसह स्वतंत्र पाकिटात कोरड्या जागी ठेवावे.