स्वतःचा हा खवट स्वभाव कसा काढून टाकू?

सिडकोतून लिहिणाऱ्या पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अंबडला कंपनीत शिफ्ट करून रूमवर येतेस, धाकट्या भावाने फी भरायची तारीख चुकवलेली कळते आणि तू बोलून जातेस की तुझ्यापायी माझं आयुष्य वाया चाललंय, मग तो दोन दिवस गप्प आणि तू रात्रभर स्वतःला शिव्या घालत जागी. विचारतेस, हा खवटपणा मुळासकट कसा काढू.

नको काढूस गं. पत्रात एक ओळ लिहून तू पुढे गेलीस, मी तिथेच अडकले. २०१४ ची गारपीट, निफाडकडची तुमची बाग, काढणीला आलेले घड चिखलात, वडील महिनाभर कुणाशी बोलेनात आणि बारा वर्षांची तू किराण्याचा न् सोसायटीच्या हप्त्याचा हिशोब वहीत लिहायला लागलीस. तुझ्यातली ही करडी बाई तेव्हाच तयार झाली. एक चूक झाली की घर बुडेल असं तिला वाटतं, आणि ते वर्ष सरलं हे तिला अजून कुणी सांगितलेलंच नाही.

क्रिस्टिन नेफ नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी २००३ मध्ये स्व-करुणेबद्दल मांडलं: स्वतःशी मायेनं बोलायचं, हे माझ्या एकटीचंच नाही हे ओळखायचं, आणि जे वाटतंय ते न दाबता न फुगवता बघायचं. मला तुझ्यासाठी यातलं दुसरं, एकटीचं नाही हे ओळखणं, जास्त मोलाचं वाटतं, कारण त्या साली तुमच्या पट्ट्यात अशा वह्या कितीतरी पोरींनी लिहिल्या असतील.

पण माया म्हणजे सूट नाही हं. भावाला आजच सांग, मी बोलले ते चुकलं, आणि त्याला "पण तू पण" जोडू नकोस. पुढच्या वेळी दात आवळले गेले की आधी गॅलरीत जा, छातीवर हात ठेव आणि आतल्या त्या करड्या बाईला म्हण, कळतंय गं, घाबरलीस. सुरुवातीला फार अवघड वाटेल, तरी कर. झोप आठवडाभर अशीच उडाली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि ती वही अजून ट्रंकेत आहे म्हणालीस ना, ती भावाला दाखव. तो तेव्हा पहिली-दुसरीत असेल, त्याला यातलं काहीच माहीत नसणार.

तुझी ताई