'रिकॅल्सिट्रंट' या इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ काय आणि तो कुठून आला?

'रिकॅल्सिट्रंट' या विशेषणाला मराठीत 'हट्टी' म्हटले तर चालेल का, असे आपण विचारले आहे. वेळप्रसंगी चालेल, पण भाषांतर करताना हा शब्द समोर आला की 'हट्टी' लिहिताना माझा हात अडखळतो. लहान मूल फुग्यासाठीही हट्ट धरते, तिथे कोणाचा हुकूम मोडलेला नसतो. रिकॅल्सिट्रंट माणूस मात्र कोणाच्या तरी अधिकाराखाली असतो, आणि तो अधिकार गाजवू पाहणाऱ्यावरच तो उलटतो.

शब्दाच्या मुळाशी हेच उलटणे आहे. लॅटिनमध्ये 'काल्क्स' म्हणजे टाच. तिच्यावरून 'काल्कित्रारे' म्हणजे लाथ मारणे, आणि त्याला 'मागे' या अर्थाचा 'रे' हा उपसर्ग लागून 'रेकाल्कित्रारे' म्हणजे मागच्या मागे लाथा झाडणे. घोडा मागचे दोन्ही पाय एकदम उडवतो तेव्हा आपण 'दुगाण्या झाडतो' म्हणतो. चित्र तंतोतंत तेच आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन कवी होरेस याने पुढे ऑगस्टस म्हणून ओळखल्या गेलेल्या सीझरबद्दल हेच क्रियापद वापरले आहे: त्याला चुकीच्या रीतीने थोपटायला जाल, तर तो लाथ झाडील. बायबलच्या लॅटिन भाषांतरातही, 'अनुवाद' या पुस्तकाच्या ३२व्या अध्यायात, खाऊनपिऊन लठ्ठ झालेला लाडका लाथा झाडू लागतो. 'माजला' या आपल्या शब्दाची मला इथे हटकून आठवण होते. इंग्रजीत विशेषण आले ते फ्रेंचमार्गे आणि बऱ्याच उशिरा. मेरियम-वेबस्टर या अमेरिकी शब्दकोशाच्या मते माणसाला उद्देशून त्याचा पहिला ज्ञात वापर थॅकरे या लेखकाने १८४३ साली केला.

म्हणून 'अडेलतट्टू'ही मला पुरेसा वाटत नाही, जरी जनावर जवळपास तेच असले तरी. अडेलतट्टू जागचे हलत नाही. हे जनावर हाकणाऱ्याच्या अंगावर येते. माणसाविषयी लिहिताना 'मुजोर' किंवा 'न जुमानणारा' यांपैकी जे संदर्भात बसेल ते मी घेतो.

वनस्पतिशास्त्रात मात्र यांतला एकही शब्द उपयोगाचा नाही. १९७३ साली रॉबर्ट्स या शास्त्रज्ञाने वाळवून साठवता न येणाऱ्या बियांना हेच विशेषण लावले. धान्य वाळवले की टिकते; आंब्याची कोय किंवा फणसाची आठळी वाळली की मरते, म्हणूनच कलमांच्या खुंटासाठी रायवळ आंब्याच्या कोयी ताज्या असतानाच पेरतात. कोकणात पावसाळ्यासाठी आठळ्या राखून ठेवायच्या तर त्यांना लाल माती चोळतात, म्हणजे आतला ओलावा टिकून राहतो. तिथे मी सरळ 'वाळवण न सोसणारे बी' असे लिहितो.