पॅनल मिळतील हो, पण पाचव्या वर्षी काय?

संस्थेच्या किंवा फाउंडेशनच्या पैशातून वस्तीला, वाडीला सोलर बसवायचं या विषयावर बरीच पत्रं आलीत, त्यातली काही या वेळी एकत्र घेतीये. पत्रं जागेसाठी थोडी आखूड केलीत.

प्रश्न : ताई, आमची एसआरएची (झोपडपट्टी पुनर्वसनाची) सात मजली बिल्डिंग आहे. लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाचं कॉमन बिल थकतं, मग लिफ्ट बंद होते, म्हातारी माणसं जिन्यात बसत बसत वर जातात. आता एक फाउंडेशन म्हणतंय की गच्चीवर १० किलोवॅटचं सोलर फुकट बसवून देतो. निम्मे लोक म्हणतात घरची बिलं पण झिरो होणार, निम्मे म्हणतात यात काहीतरी गोम आहे. आम्ही त्यांना काय विचारावं?
— सोसायटीचे सेक्रेटरी, पर्वती

उत्तर : गोम असेलच असं नाही दादा. खरं सांगायचं तर एसआरएच्या कॉमन मीटरपेक्षा सोलरच्या दानाला चांगली जागा मला पुण्यात दुसरी दिसत नाही. माणूस वस्तीतून सातव्या मजल्यावर राहायला गेला की लिफ्ट आणि पंप हा खर्च त्याच्या मागे लागतो जो आधी कधीच नव्हता, आणि पाच-सहा घरांनी मेंटेनन्स थकवला की सगळ्यांचेच हाल.

पण घरची बिलं झिरो होणार हे आधी डोक्यातून काढा आणि मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर स्पष्ट सांगा, नाहीतर पहिलं बिल आलं की भांडणं सुरू होतील. पॅनल कॉमन मीटरला जोडणार, तिथे नेट मीटर (घेतलेली आणि लाइनला दिलेली वीज दोन्ही मोजणारा) बसणार, आणि जे युनिट तयार होतील ते फक्त त्या बिलातून वजा होणार. एका प्लँटचे युनिट अनेक घरांच्या मीटरवर वाटून देण्याला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात, दिल्लीत २०१९ पासून त्याचे नियम आहेत, पण तुम्हाला जे देतायत ते हे नाहीये.

आता हिशोब. पुण्यात १ किलोवॅटला वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला ४ युनिट धरा, म्हणजे तुमचे महिन्याला १२०० च्या आसपास. मागच्या बारा महिन्यांची कॉमन बिलं काढून बसा, त्यावर युनिट असतात. तुमचा वापरच सातशे-आठशे असेल तर १० किलोवॅट जास्त होतंय, कारण उरलेले युनिट पुढच्या बिलात जातात खरे पण मार्चअखेर हिशोब होतो आणि तेव्हा शिल्लक युनिटला जो दर मिळतो तो आपण भरतो त्यापेक्षा खूपच कमी असतो. स्थिर आकार तर भरावा लागतोच, बिल अगदी शून्य कधीच येत नाही.

गच्चीवर साधारण १००० चौरस फूट जागा लागेल आणि तीही सावली नसलेली. ही गोष्ट लोक फार हलक्यात घेतात. दुपारी तीन-चार वाजता गच्चीवर जाऊन उभे रहा आणि पाण्याच्या टाकीची सावली कुठपर्यंत येते ते बघा, आणि शक्य असेल तर डिसेंबरात परत बघा कारण तेव्हा सावल्या लांब पडतात. एका पॅनलवर सावली आली तरी त्याच्याबरोबर एका ओळीत जोडलेल्या बाकीच्यांची वीज पण खाली येते. पापड-कुरडया वाळवायला बायकांना जागा ठेवा, ती ठेवली नाही तर पॅनलवरच वाळत घालतील. आणि कबुतरं! पॅनलच्या खाली त्यांना घर मिळतं, वर सगळी घाण, त्यामुळे चारी बाजूंनी जाळी बसवायची हे कामाच्या यादीत आत्ताच लिहून घ्या.

अजून एक, लाइट गेली की हे सोलर पण बंद पडतं. ऊन असलं तरी. ग्रिडला म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेली सिस्टीम मुद्दाम तशीच बनवलेली असते, नाहीतर तुमच्या गच्चीवरची वीज लाइनमध्ये जाऊन खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. म्हणजे गुरुवारच्या शटडाउनला लिफ्ट चालणार नाही, हे पण मीटिंगमध्ये सांगा.

फाउंडेशनला विचारायचा खरा प्रश्न पैशांचा आहे, पण बसवायच्या पैशांचा नाही. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापराला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, तुमचे १ लाख ८० हजार होतात. विचारा की हे धरून तुम्ही फुकट म्हणताय की न धरता? आणि अनुदान सोसायटीच्या खात्यात येणार असेल तर ते सगळं एफडीत ठेवून देखभालीला वापरायचं असं लेखी ठरवता येईल का? पॅनलला २५ वर्षांची वॉरंटी सांगतात ती बरोबर आहे, पण इन्व्हर्टर (पॅनलची वीज आपल्या लाइनसारखी करून देणारा डबा) त्याच्या निम्मंही टिकत नाही आणि तो बदलायची वेळ येते तेव्हा दान देणारे कुठेच नसतात. (अनुदान हवं तर पॅनल आणि त्यातले सेल भारतात बनलेलेच लागतात, बिलावर डीसीआर लिहिलंय का बघून घ्या.) आणि कॉमन मीटर अजून बिल्डरच्या नावावर असेल तर बाकी सगळं सोडून आधी तो सोसायटीच्या नावावर करा.

प्रश्न : वेल्ह्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे, मी शाळेवर शिक्षक आहे. एका कंपनीच्या सीएसआरमधून (समाजकामाच्या पैशातून) शाळेला आणि घरांना सोलर बसवलं होतं, उद्घाटनाला मोठी माणसं आली, पेपरात फोटो आला. आता बॅटऱ्या बसल्यात, दिवा अर्धा तास पण टिकत नाही. कंपनीत फोन केला तर प्रोजेक्ट क्लोज झाला म्हणतात. फसवलं का आम्हाला?
— एक शिक्षक

उत्तर : सर, तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं आणि रागही आला, कारण हे एकट्या तुमच्या वाडीचं नाहीये. फसवलं असं मी म्हणणार नाही पण कोणीतरी हे आधीच बोलायला हवं होतं. २०१३ च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकामावर खर्च करायला लावलेत, त्यात एखादा प्रोजेक्ट लांबवायचा म्हटला तरी सुरू झालेलं वर्ष सोडून पुढे तीन वर्षं, त्याच्या पुढे तो चालू प्रोजेक्ट धरत नाहीत. आणि लेड-ॲसिड बॅटरी मरते कधी, तर चौथ्या-पाचव्या वर्षी. म्हणजे बॅटरी संपायच्या सुमाराला तिकडची फाइल पण बंद झालेली असते! हे कोणाच्या वाईटपणामुळे होत नाही, पण अंधारात बसायचं तुमच्याच नशिबी येतं.

बिहारमध्ये जहानाबाद जिल्ह्यात धरनई नावाचं गाव आहे, २०१४ साली ग्रीनपीसने तिथे १०० किलोवॅटचा मायक्रोग्रिड, म्हणजे गावापुरतं स्वतंत्र विजेचं जाळं, उभा केला होता, देशभर गाजला. पुढे सरकारी वीज आली, ती स्वस्त पडली, इकडे बॅटऱ्या संपल्या, आणि प्रकल्प बंद पडला. पैसा कमी नव्हता, हेतू चांगला होता, तरी झालं. याउलट साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी बघा, २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं, तिथे घरांच्या छपरांवर पॅनल आहेत आणि वीज महावितरणच्या लाइनला जोडलेली आहे, त्यामुळे बॅटरीचं दुखणंच नाही. तुमच्याकडे आता लाइन आली असेल आणि बऱ्यापैकी टिकत असेल तर पुढच्या वेळी तसंच मागा.

आत्ता काय करायचं ते सांगते. बॅटरी मेली असं समजून टाकून देऊ नका. आधी झाकणं उघडून पाणी बघा, आतल्या प्लेटा उघड्या पडल्या असतील तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं, विहिरीचं नाही आणि ॲसिड तर मुळीच नाही, डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे घालून. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर ती साफ करून घट्ट बसवा. एवढ्याने काही बॅटऱ्या थोड्या सुधारतात, सगळ्या नाही. मग तालुक्याच्या इलेक्ट्रिशियनला बोलवून उन्हात पॅनलचा व्होल्टेज मोजून घ्या, पॅनल बहुतेक धडधाकट निघतील आणि मग प्रश्न फक्त बॅटऱ्यांचा उरतो, म्हणजे मूळ खर्चाचा एक तुकडाच. जुन्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांना मोडीत चांगला भाव असतो, डीलरला परत देऊन नवीनमध्ये वजा करून घ्या, भंगारवाल्याला फुकापासरी देऊ नका.

आणि सर, दुसऱ्या दात्याकडे जायच्या आधी वाडीची कमिटी करा, त्यात दोन बायका तरी असू देत, बँकेत खातं काढा आणि घरटी महिन्याला जे झेपेल ते भरायला सुरुवात करा. पूर्वी रॉकेलला जेवढे जायचे तेवढे ठरवले तरी पुष्कळ. खात्यात सहा महिन्यांची नोंद दिसली की तुमचा अर्ज दुसऱ्यांपेक्षा वेगळा दिसतो, हे मी देणाऱ्यांच्या टेबलाच्या बाजूने बघितलेलं आहे. पुण्यात औंधला महाऊर्जाचं (राज्य सरकारची सोलरसारख्या ऊर्जेची संस्था) ऑफिस आहे, सध्या कुठली योजना चालू आहे ते तिथे जाऊन विचारा.

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत असते. तिकडे कम्युनिटी सोलर म्हणून असतं, स्वतःचं छप्पर नसलेले लोक पण त्यात भाग घेतात आणि बिल कमी येतं, गरिबांसाठी संस्था मदत करतात. इकडे तसं कुठे पैसे देता येतील? मी पेन्शनर आहे, फार मोठी रक्कम नाही.
— एक आजी, कोथरूड

उत्तर : काकू, तिकडची पद्धत अशी की गावाबाहेर एक सोलर प्लँट असतो, माणूस त्यातला वाटा घेतो आणि त्या वाट्याची वीज त्याच्या बिलात वजा होते. अमेरिकेच्या केंद्र सरकारने गरीब घरांच्या सोलरसाठी २०२४ मध्ये ७ अब्ज डॉलर मंजूर केले होते आणि २०२५ मध्ये नवीन सरकारने तो कार्यक्रमच रद्द केला, म्हणजे एकाच मोठ्या हातावर अवलंबून राहिलं की काय होतं ते तिकडेही दिसलं.

इकडे तुम्ही ट्रस्टला देणगी देऊ शकता. देण्याआधी धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि ऑडिट केलेले हिशोब मागा, चांगली संस्था लगेच दाखवते. देणगीवरची इन्कम टॅक्सची सवलत (८०जी म्हणतात ती) फक्त जुन्या कररचनेत मिळते, आणि २,००० च्या वर रोख दिलेत तर तीही नाही, म्हणून चेकने द्या. यापुढे एकच विचारा: तुम्ही पाच वर्षांपूर्वी बसवलेलं एखादं सोलर आज मला दाखवाल का? नवीन फोटो नकोत, जुनं चालू असलेलं दाखवा. दाखवलं तर बिनधास्त द्या. आणि माझं ऐकाल तर नवीन पॅनलला देऊ नका, नवीन पॅनलला देणारे पुष्कळ आहेत कारण त्यावर नावाची पाटी लागते. वरच्या पत्रातल्या सरांच्या वाडीसारख्या ठिकाणी बॅटऱ्या बदलायला द्या. तुमच्या छोट्या रकमेने तिथे मुलं खरंच संध्याकाळी अभ्यासाला बसतील.

प्रश्न : आमचा मुळशीत बचत गट आहे. सोलर चक्कीसाठी एक संस्था निम्मे पैसे देते, निम्मं कर्ज काढा म्हणते. बायका म्हणतात दुसऱ्या गावाला फुकट मिळालं, आपणच का भरायचं?
— गटाच्या अध्यक्षा

उत्तर : ताई, तुमच्या बायकांचा प्रश्न रास्त आहे, पण मी कर्जाच्या बाजूची आहे. बंगळुरूच्या सेल्को या सोलर कंपनीने १९९५ पासून हेच केलं, गरीब माणसाला सोलर घ्यायला बँकेचं कर्ज मिळवून दिलं आणि हप्ता त्याच्या कमाईच्या वेळेप्रमाणे लावून घेतला, त्यांच्या हरीश हांडे यांना २०११ मध्ये मॅगसेसे मिळालं. तुम्ही पण हप्त्यावरच भांडा. तुमच्याकडे जुलै-ऑगस्टला लावणी असते, हातात पैसा नसतो आणि ऊनही नसतं, तेव्हा त्या महिन्यांचा हप्ता माफ किंवा नाममात्र आणि दिवाळीनंतर जास्त, असं लिहून घ्या. चक्की गटाच्या नावावर पाहिजे. संस्थेकडे सीएसआरचा पैसा येत असेल तर २०२१ पासूनच्या नियमाप्रमाणे कंपनी स्वतः मालक राहू शकत नाही, लाभार्थ्यांच्या बचत गटाच्या नावावर मालमत्ता करता येते, हे त्यांना सांगा. आणि मोटर किती एचपीची ते विचारा, १ एचपी म्हणजे पाऊण किलोवॅट, पण चालू होताना ती काही क्षण कितीतरी जास्त ओढते, तेवढं पेलणारा इन्व्हर्टर नसेल तर रोज ट्रिप होईल. स्वतःची नाचणी घेऊन जा आणि जिथे अशी चक्की चालू आहे तिथे दळून बघा, मगच सही करा.

प्रश्न : पावसाळ्यात सोलर बंदच असतं ना?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : बंद नाही, कमी होतं. ढगातूनही उजेड येतो त्यावर थोडी वीज होतेच, आणि एप्रिल-मेमधले जास्तीचे युनिट पावसाळ्यात पुढे येतात, मार्चपर्यंतचे मात्र धरू नका कारण मध्ये मार्चअखेरचा हिशोब येतो. पावसाने पॅनल आपोआप धुतले जातात तो एक फायदा. बाकी आठ महिने धूळ फार असते, तर पंधरा दिवसांनी सकाळी लवकर, पॅनल गार असताना मऊ फडक्याने धुवा, आणि बोअरचं पाणी वापरू नका, क्षाराचे पांढरे डाग पडतात ते नंतर निघत नाहीत.