लांडोर कुत्र्याने मारली, पुरली मात्र तुम्ही

प्रश्न: आम्ही पुण्यात सहकारनगरला राहतो. रविवारी सकाळी तळजईच्या टेकडीवर आमच्या लॅब्रॅडॉरला मोकळं सोडलं होतं. त्याने झुडपात शिरून लांडोर पकडली. सोडवली तेव्हा जिवंत होती, म्हणून खोक्यात घालून घरी आणली, दुपारी मेली. संध्याकाळी सोसायटीच्या बागेत पुरली. मुलीने पंखातली चार पिसं ठेवली आहेत. शेजारच्या काकांनी टेकडीवर व्हिडिओ काढलाय, वनखात्यात तक्रार करणार म्हणतात. 'कुत्र्याला काय कळतं' हे चालेल का?

उत्तर: कुत्र्याच्या बाबतीत चालेल, त्याच्यावर गुन्हा होत नाही. तुमच्या बाबतीत मात्र दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि तुम्ही ज्याला घाबरला आहात तो त्यातला सोपा आहे.

मोर आणि लांडोर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत येतात. कलम ९ प्रमाणे शिकारीला बंदी आहे आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी कलम ५१ मध्ये किमान ३ ते कमाल ७ वर्षं कैद व किमान २५,००० रुपये दंड आहे. आता 'शिकार' म्हणजे काय, हे कलम २(१६) सांगतं: मारणं, पकडणं, जखमी करणं, हुसकावणं, कुत्री सोडून पाठलाग करणं, यातल्या कशाचाही प्रयत्न करणं. पक्ष्यांच्या बाबतीत अंडी फोडणं आणि घरटं विस्कटणंही त्यात धरलं आहे. या सगळ्या माणसाने करायच्या गोष्टी आहेत. कुत्रं आपणहून धावलं, तर शिकार तुम्ही केली असं म्हणणं सरकार पक्षाला जड जातं.

म्हणूनच त्या व्हिडिओतलं चित्र जितकं महत्त्वाचं, तितकाच आवाज. तुम्ही 'ये, ये, सोड' ओरडत असाल तर तो व्हिडिओ तुमचा साक्षीदार आहे. कोणी गमतीने 'छू' म्हटलं असेल, तर 'हुसकावलं' हे सिद्ध करायला तेवढं पुरतं. दुसरी अडचण सवयीची. याच कुत्र्याने आधी टेकडीवर ससा किंवा मोर पळवला असेल आणि तरीही तुम्ही पट्टा काढत असाल, तर 'अचानक घडलं' हा बचाव लंगडा पडतो. आणि महिना पावसाळ्याचा असेल तर आणखी एक: मोरांची वीण साधारण जून ते सप्टेंबर, लांडोर जमिनीवरच अंडी घालते आणि अगदी अंगावर येईपर्यंत उठत नाही. एरवी धडधाकट लांडोर लॅब्रॅडॉरच्या तोंडी सहसा लागत नाही. जवळपास घरटं असण्याची शक्यता आहे. शोधायला स्वतः जाऊ नका; जागा वनरक्षकाला दाखवा.

आता अवघड प्रश्न. कलम ३९ प्रमाणे मेलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता असतो. तो ताब्यात आल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवावं लागतं, आणि लेखी परवानगीशिवाय ठेवता येत नाही, नष्ट करता येत नाही. जखमी पक्षी दयेपोटी उचलला, इथवर तुमची बाजू बरी होती. घरी नेण्याऐवजी १९२६ या वनखात्याच्या हेल्पलाइनवर फोन झाला असता, तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती. पुरण्याने मात्र चित्र पालटलं. पुरावा नाहीसा केला असा आरोप ठेवायला भारतीय न्याय संहितेचं कलम २३८ आहे. तो टिकायला मुळात गुन्हा घडलेला आणि गुन्हेगाराला वाचवण्याचा हेतू, दोन्ही दाखवावं लागतं. पण चौकशीचा ताप चुकत नाही.

पिसांचं थोडक्यात: मोराच्या शेपटीच्या पिसांना कायद्यात सवलत आहे, पंखातल्या पिसांना नाही. ती फेकू किंवा जाळू नका. पाकिटात घालून अर्जासोबत द्या.

उद्या सकाळी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज घेऊन जा. ४८ तास उलटले असले तरी जा. स्वतःहून उशिरा गेलेला माणूस आणि बोलावल्यावर गेलेला माणूस यांत फरक केला जातो. अर्जात फक्त इतकं: तारीख, वेळ, टेकडीवरची नेमकी जागा, 'माझ्या पाळीव कुत्र्याच्या चाव्याने लांडोर जखमी झाली, उपचाराच्या हेतूने घरी नेली, अमुक वाजता मेली, अमुक ठिकाणी पुरली आहे, कळवायला उशीर झाला तो नियम माहीत नसल्याने.' कुत्र्याचा महापालिकेचा परवाना आणि रेबीज लसीचा दाखला जोडा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. तोंडी 'बघतो' चालणार नाही. असा अर्ज एका अर्थी कबुलीच असते, त्यामुळे देण्याआधी वकिलाला दाखवा. तरी द्यावा असं माझं मत आहे: व्हिडिओ आहे, बागेत मृतदेह आहे, झाकण्यासारखं उरलंय काय?

खड्डा स्वतः उकरू नका. पंचनामा करून वनखातं काढेल आणि पशुवैद्यकीय अधिकारी शवविच्छेदन करतील. जखमा दातांच्या आहेत, फासाच्या किंवा छऱ्याच्या नाहीत, हे त्या अहवालातून समोर आलं तर तुमच्याच कामाला येईल. सोसायटीच्या ग्रुपवरचे मेसेज पुसू नका.

जबाब देताना एक लक्षात ठेवा. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. वन अधिकाऱ्यांना ते लागू आहे असं गृहीत धरू नका: सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकृत अधिकाऱ्याने आरोपीसमोर नोंदवलेला पुरावा वन्यजीव अधिनियमाच्या कलम ५०(९) खाली ग्राह्य धरता येतो. वाचल्याशिवाय सही नको. 'आम्ही नेहमीच सोडतो' असली वाक्यं सहज तोंडातून जातात.

दंड भरून मिटवता येईल का? ज्या गुन्ह्याला किमान कैद आहे, तो कलम ५४ खाली मिटवता येत नाही. म्हणून कागदावर कलमं कोणती लागतात, याच टप्प्यावर वकिलाने बाजू मांडायला हवी. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. तरी हालचाल दिसली तर शिवाजीनगरच्या सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो. काकांशी भांडू नका. वनखात्याने काही केलं नाही तरी ६० दिवसांची नोटीस देऊन ते स्वतः कोर्टात जाऊ शकतात. उलट कोणी कुत्र्याला विष घालायची भाषा केली, तर तो संहितेच्या कलम ३२५ खालचा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा. तो मेसेज जपून ठेवा.

यापुढे टेकडीवर सहा फुटी, न लांबणारा पट्टा आणि छातीवरचा हार्नेस. दोरी गुंडाळणारे पट्टे उतारावर तीस किलोच्या कुत्र्याला आवरत नाहीत, आणि खटक्याची स्प्रिंग पावसाळ्यात गंजते. दर महिन्याला ओढून बघा.