'नेम', 'नियम' आणि 'चमत्कार'

प्रश्न असा आहे : कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवावरून, म्हणजे वर्षातून दोनदा मावळतीची किरणं थेट मूर्तीवर पडतात त्यावरून, दोघांची जुंपली. एकाचं म्हणणं, 'हा निसर्गनियम आहे, त्यात देवीचं काय?' दुसऱ्याचं म्हणणं, 'नियम म्हटलात म्हणजे नियंता आलाच की!' शब्दाच्या बाजूने बरोबर कोण? आणि किरणोत्सवाला 'चमत्कार' म्हणणं चूक आहे का?

आधी 'नियम'. नि + यम्. यम् म्हणजे आवरणे, ताब्यात ठेवणे. संस्कृतात नियम मुळात माणसानं स्वतःला घालून घ्यायचा असतो. योगातल्या यम-नियमांपैकी नियम घ्या : शौच, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान. मीमांसकांचा, म्हणजे वेदातल्या यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्यांचा, 'नियमविधी' तर याहून बोलका आहे. भाताचं तूस नखानं सोलूनही निघतं, पण यज्ञासाठी ते कांडूनच काढायचं, हा नियम. म्हणजे दुसरी वाट उघडी असते आणि ती बंद केली जाते. नखानं सोलता येतच नसतं तर कांडण्याचा नियम सांगायची गरजच पडली नसती.

विज्ञानातला नियम याच्या बरोबर उलट आहे. तिथं दुसरी वाट नसतेच, आणि नसते हेच त्या नियमात सांगितलेलं असतं.

मराठीनं हा फरक 'नियम'वरूनच घडलेल्या 'नेम' या शब्दात कधीच करून ठेवलाय, आपलं लक्ष जात नाही एवढंच. 'एकादशीचा नेम' म्हणजे व्रत. तो धरता येतो, चुकतो, मोडतो. 'पावसाचा काही नेम नाही' यातला नेम मात्र व्रत नव्हे. पावसानं शपथ मोडली असं कोणी म्हणत नसतं. पुढं काय होईल याचा अंदाज बांधता येत नाही, एवढंच म्हणायचं असतं. न्यूटनचे गतीविषयक नियम किंवा ओहमचा नियम यांतला नियम या दुसऱ्या नेमाच्या घरचा. 'नेमकं'ही त्याच घरचं. वाद घालणाऱ्या दोघांपैकी पहिल्याच्या डोक्यात पावसाचा नेम आहे, दुसऱ्याच्या डोक्यात एकादशीचा.

कोणता अर्थ चाललाय हे ओळखायचं तर क्रियापद बघावं. कोल्हापुरात पंचगंगा नदीची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर गेली की धोका. हे आकडे माणसांनी नेमलेले. उद्या बदलूही शकतात. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे मात्र पाणी ठरावीक पातळीला आलं की पाण्याच्या दाबानंच उघडतात. ती पातळीही बांधणाऱ्यांनी ठरवली हे खरं, पण दाबाचा नियम त्यांनी ठरवलेला नाही. आता 'दरवाजे नियम पाळतात' असं म्हणून बघा. कानाला खटकतं, कारण मराठीत पाळायला मन लागतं. शब्द पाळतात, पथ्य पाळतात, सुतक पाळतात. 'ग्रह केप्लरचे नियम पाळतात' हे पाठ्यपुस्तकी वाक्य इंग्रजीवरून उचललेलं आहे. 'ग्रहांना केप्लरचे नियम लागू पडतात' म्हणावं, किंवा 'ग्रह केप्लरच्या नियमांप्रमाणे फिरतात'. गंमत म्हणजे ही तक्रार सतराव्या शतकात रॉबर्ट बॉईल या शास्त्रज्ञानंही केली होती. त्याचं म्हणणं, ज्याला समज आहे त्यालाच आज्ञा कळते. निर्जीव द्रव्य नियम पाळतं हे बोलणं लाक्षणिक आहे. आणि बॉईल चांगला श्रद्धाळू ख्रिस्ती होता, नास्तिक नव्हे.

'मोडणे'चंही तसंच. बुधाच्या कक्षेचा सूर्याजवळचा बिंदू शतकाला सुमारे ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) जास्त सरकतो, हे न्यूटनच्या हिशोबात बसत नव्हतं. तेव्हा बुधानं नियम मोडला असं कोणी म्हटलं नाही. नियमच अपुरा ठरला आणि १९१५ साली आइन्स्टाइननं तो फरक समजावून दिला. व्रत मोडलं तर दोष माणसाचा, निसर्गनियम जुळला नाही तर दोष नियम मांडणाऱ्याचा. ही कसोटी कुठल्याही वाक्याला लावता येते.

आता किरणोत्सव. परंपरेनं त्याचे दिवस ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मधला दिवस धरला तर १० नोव्हेंबर हा दक्षिणायन संपण्याआधी सुमारे ४२ दिवस, आणि १ फेब्रुवारी त्यानंतर सुमारे ४२ दिवस. दोन्ही वेळी सूर्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं त्याचं अंशांतलं अंतर, दक्षिणेला १७ अंशांच्या आसपास असते, म्हणून कोल्हापुरातून तो थेट पश्चिमेच्या सुमारे १८ अंश डावीकडे मावळताना दिसतो. त्या रेषेत महाद्वार, गरुड मंडप आणि गाभारा येतात. सूर्य जसा खाली जातो तशी तिरीप आडवी होत आत सरकते आणि मूर्तीवर वर चढते; चरण, मग कंबर, मग मुख. या दिवसांत क्रांती रोज पाव अंशाहून थोडी जास्त बदलते, म्हणजे १०० मीटर अंतरात तिरीप रोज अर्धा मीटर बाजूला जाते. दिवस मोजकेच का, याचं उत्तर इथं आहे.

बिघडतं तेही इथंच. सूर्य क्षितिजावर ३ अंश असताना १०० मीटर लांबची इमारत दृष्टिरेषेच्या वर सव्वापाच मीटर आली तरी किरणं अडतात. वाट मोकळी असली तरी ढग, धूळ, हवेतलं बाष्प यांनी तेज कमी होतं. 'किरणं कमरेपर्यंतच आली' यामागं बहुतेक वेळा यातलंच काही असतं.

आणखी एक. देवीचा नवरात्रोत्सव तिथीनं येतो, किरणोत्सव मात्र इंग्रजी तारखेनं. श्रद्धेनं इथं सूर्याचं कॅलेंडर बिनतक्रार घेतलंय, कारण तिथी चंद्रावर चालते आणि चंद्राच्या हिशोबानं तिरीप गाभाऱ्यात यायची नाही.

मग नियंता? व्याकरणानं नियंता म्हणजे नियमन करणारा. पण 'नियम' शब्दातून नियंता सिद्ध करणं म्हणजे 'सूर्योदय' शब्दातून सूर्य फिरतो असं सिद्ध करण्यासारखं आहे. याची दुसरी बाजूही तितकीच खरी : नियम सापडला म्हणून नियंता नाही, हेही शब्दातून निघत नाही. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य गार्गीला सांगतो की, त्या अक्षराच्या, म्हणजे अविनाशी ब्रह्माच्या, 'प्रशासने' (शासनाखाली) सूर्यचंद्र धरलेले राहतात. श्रद्धेचं म्हणणं मांडायला हा शब्द चोख आहे, कारण शासन करणारा कुणी आहे असं तो उघड सांगतो; 'नियम' शब्दाआडून त्याला आत आणत नाही. न्यूटननंही 'प्रिन्सिपिया' या आपल्या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत शेवटी ईश्वराबद्दल लिहिलं ते वेगळं प्रकरण जोडून. गतीच्या नियमांच्या मांडणीत त्यानं ते मिसळलं नाही.

राहिला 'चमत्कार'. जुन्या अर्थी चमत्कार म्हणजे मन चकित होणं. काव्यशास्त्रात तर रसिकाच्या आनंदालाच चमत्कार म्हटलंय. निसर्गनियम मोडणं हा अर्थ त्यात नव्हता. तो नंतर चिकटला. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात 'तथाकथित चमत्कार' असा शब्दप्रयोग येतो तेव्हा हाच नवा अर्थ अभिप्रेत असतो, आणि आक्षेप असतो तो चमत्काराच्या नावावर पैसे काढण्याला आणि फसवण्याला. जुन्या अर्थानं किरणोत्सवाला चमत्कार खुशाल म्हणावं. खगोलाचं गणित येणारालाही ते म्हणता येईल. 'अघटित' मात्र म्हणू नये. वाट मोकळी आणि हवा स्वच्छ असली तर ते वर्षातून दोनदा घडतंच.