‘कझिन’ म्हणजे नेमके कोण?

प्रश्न : इंग्रजी चरित्रे वाचताना ‘सेकंड कझिन’ आणि ‘फर्स्ट कझिन वन्स रिमूव्ह्ड’ असे उल्लेख वारंवार येतात. वडिलांचे चुलतभाऊ हे माझे सेकंड कझिन, अशी माझी समजूत होती. एका स्नेह्यांनी ती चुकीची ठरवली. या दोहोंत फरक कोणता?

उत्तर : आपल्या स्नेह्यांचे म्हणणे बरोबर आहे. वडिलांचे चुलतभाऊ, म्हणजे आपले चुलतकाका, हे इंग्रजीत आपले ‘फर्स्ट कझिन वन्स रिमूव्ह्ड’ होत आणि त्यांची मुले ही आपली सेकंड कझिन. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशी माणसेही येथे सर्रास गल्लत करतात, त्यामुळे कादंबरीत किंवा बातमीत ‘सेकंड कझिन’ असे आले म्हणून ते काटेकोरच असेल असे धरून चालू नये.

हिशेब असा आहे. फर्स्ट, सेकंड, थर्ड हे शब्द सामाईक पूर्वज किती मागे आहे ते दाखवतात. आजोबा सामाईक असतील तर फर्स्ट, पणजोबा असतील तर सेकंड, खापरपणजोबा असतील तर थर्ड. ‘रिमूव्ह्ड’ हा शब्द वाचून अनेकांना दुरावा किंवा वारसाहक्कातून वगळणे असे काहीतरी सुचते, परंतु त्याचा तसा काहीही संबंध नाही. दोन व्यक्ती निरनिराळ्या पिढ्यांतल्या आहेत, एवढेच तो सांगतो. एका पिढीचा फरक असेल तर वन्स, दोन पिढ्यांचा असेल तर ट्वाइस. पिढ्या अशा विषम असतील तेव्हा जी व्यक्ती पूर्वजाला अधिक जवळची आहे, तिच्या बाजूने मोजून फर्स्ट की सेकंड ते ठरवायचे.

ब्रिटनच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ आणि त्यांचे पती प्रिन्स फिलिप यांचे उदाहरण या दृष्टीने फार सोयीचे आहे, कारण त्या एकाच जोडप्यात दोन्ही प्रकार सापडतात. राणी व्हिक्टोरिया या दोघांच्याही खापरपणजी होत्या, म्हणून त्या वाटेने पाहता ते थर्ड कझिन होते. डेन्मार्कचे राजे नववे ख्रिश्चन हे मात्र फिलिप यांचे पणजोबा आणि एलिझाबेथ यांचे खापरपणजोबा होते. तेथे फिलिप पूर्वजाला एक पिढी जवळ असल्यामुळे मोजणी त्यांच्या बाजूने होते आणि नाते सेकंड कझिन वन्स रिमूव्ह्ड असे ठरते.

या पद्धतीत एक उणीव आहे. ‘वन्स रिमूव्ह्ड’ म्हणताना पिढी वरची की खालची हे कळत नाही. चुलतकाका आणि चुलतपुतण्या दोघांनाही तोच शब्द लागतो. भाषांतर करताना म्हणूनच केवळ या शब्दावर विसंबू नये, मजकुरातून वय किंवा वंशावळ शोधून काढावी.

प्रश्न : शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये राजा क्लॉडियस आपल्या सख्ख्या पुतण्याला ‘कझिन’ म्हणतो. ही नाटककाराची चूक मानावी काय?

उत्तर : मुळीच नाही. त्या काळी आईवडील, मुले आणि सख्खी भावंडे सोडून जवळपास कोणत्याही आप्ताला हा शब्द चालत असे आणि पुतण्या, भाचा, पुतणी, भाची यांना तर तो विशेष लावला जाई. जुनी इंग्रजी मृत्युपत्रे वाचणाऱ्यांना याचा मोठा त्रास होतो. मृत्युपत्रात ‘माझ्या कझिनला’ अमुक जमीन दिल्याचे लिहिलेले असले, तरी घेणारा पुतण्या होता, नातू होता की दूरचा कोणी, हे इतर कागदपत्रे पाहिल्याखेरीज ठरत नाही.

याहून मौजेचा उपयोग राजदरबारातला आहे. इंग्लंडचा राजा आपल्या औपचारिक पत्रांत ड्यूक, अर्ल अशा उमरावांना, रक्ताचे नाते असो वा नसो, ‘कझिन’ असे संबोधतो. अठराव्या शतकातील कायदेपंडित विल्यम ब्लॅकस्टोन यांनी या प्रथेचे मूळ चौथ्या हेन्रीच्या कारकिर्दीत, म्हणजे 1399 ते 1413 या काळात, दाखवले आहे. त्यांच्या मते पत्नी, आई किंवा बहिणी यांच्यामार्फत हेन्रीचे राज्यातील प्रत्येक अर्लशी काही ना काही नाते होते आणि तो ते नाते धूर्तपणे, आवर्जून बोलून दाखवत असे. दुसऱ्या रिचर्डला पदच्युत करून गादीवर आलेल्या राजाला उमरावांची मर्जी राखणे भाग होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या गोडव्याचे कारण उमगते. पुढे नाते उरले नाही, संबोधन तेवढे उरले.

प्रश्न : ‘कझिन ब्रदर’ हा प्रयोग अशुद्ध आहे काय? आणि आपल्याकडे चुलत, मामे, आते, मावस असे चार भेद असताना इंग्रजीत एकच शब्द कसा?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून आरंभ करतो. हे दारिद्र्य इंग्रजीच्या जन्मापासूनचे नव्हे. प्राचीन इंग्रजीत काका आणि मामा, तसेच आत्या आणि मावशी यांना वेगवेगळे शब्द होते. 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर तेथे फ्रेंचचे वर्चस्व वाढले आणि अंकल, आंट, कझिन ही सारी मंडळी फ्रेंचमधून येऊन स्थिरावली. जुने भेद हळूहळू पुसले गेले. ‘कझिन’चा लॅटिन पूर्वज ‘कॉन्सोब्रिनुस’ हा तर मुळात केवळ मावसभाऊ होता. चुलतभावाला आणि आतेभावाला लॅटिनमध्ये स्वतंत्र शब्द होते, पण पुढे मावसभावाच्याच शब्दाने सर्वांची जागा घेतली.

‘कझिन ब्रदर’ हा भारतीय इंग्रजीतला रुळलेला प्रयोग आहे आणि त्यामागची गरज खरी आहे, कारण इंग्रजी ‘कझिन’वरून पुरुष की स्त्री हे समजत नाही. घरगुती बोलण्यात तो खुशाल वापरावा. त्याला हसणाऱ्यांकडे लक्ष देण्याचे कारण नाही. परदेशी वाचकासाठी किंवा अधिकृत अर्जात लिहिताना मात्र तो टाळावा, कारण ‘ब्रदर’ वाचून सख्ख्या भावाचा समज होऊ शकतो आणि वारसा किंवा व्हिसा यांसारख्या बाबतीत तो महागात पडतो. अशा वेळी नुसते ‘कझिन’ लिहून पुढे ‘आईच्या भावाचा मुलगा’ असे नाते इंग्रजीत उलगडून सांगावे. दोन सख्ख्या भावांनी दोन सख्ख्या बहिणींशी लग्ने केली असतील, तर त्यांची मुले एकमेकांची चुलतही होतात आणि मावसही. त्यांच्यासाठी इंग्रजीत ‘डबल कझिन’ असा शब्द आहे आणि तो शुद्ध आहे.